सायटेशन मोजून मनाबे कळतात का?

(या भागाची ही लेखी प्रत. बोलताना झालेले अडखळे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



मागच्या भागात आपण हवामानाच्या मॉडेल्सबद्दल ओझरतं बोललो होतो. त्यावर जे प्रश्न आले त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा होता, आणि विचारणारे बहुतेक पीएचडी करणारे किंवा करायच्या विचारात असलेले. प्रश्न असा, की एखादा वैज्ञानिक मोठा आहे हे ठरवतात कसं? सायटेशन बघूनच ना?

प्रश्न साधा वाटतो, पण पोटापाण्याचा आहे. मुलाखत असो, बढती असो, प्रोजेक्टचे पैसे असोत, समोर बसलेला माणूस तुमचा पेपर वाचेलच याची खात्री नाही. आकडा मात्र तो बघतोच.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. तुमच्या पेपरचा उल्लेख दुसऱ्या कुणी आपल्या पेपरच्या शेवटी संदर्भ म्हणून केला, की तुमच्या खात्यात एक सायटेशन जमा. हे पद्धतशीर मोजायला सुरुवात केली ती अमेरिकेत यूजीन गारफिल्ड यांनी, १९६४ साली त्यांचा सायन्स सायटेशन इंडेक्स बाजारात आला. मग २००५ मध्ये होर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स काढला. म्हणजे तुमचे वीस पेपर असे असतील, की त्या प्रत्येकाला किमान वीस सायटेशन आहेत, तर तुमचा एच-इंडेक्स वीस. बॅट्समनची सरासरी असते ना, तसलाच प्रकार. सरासरी खोटं बोलत नाही, पण पीच कसं होतं ते सांगत नाही.

तर आज हा आकडा आपण एका माणसाला लावून बघू. स्युकुरो मनाबे. सहकारी त्यांना नुसतं 'सुकी' म्हणतात. २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यातले एक. हवामानाचं मॉडेल करणाऱ्या माणसाला भौतिकशास्त्राचं नोबेल, हे त्याआधी कधी झालंच नव्हतं.

जन्म २१ सप्टेंबर १९३१ चा. जपानच्या शिकोकू बेटावर एहिमे प्रांतात शिंगू नावाचं डोंगरातलं गाव आहे, तिथला. वडील डॉक्टर, आजोबा डॉक्टर. मुलगाही डॉक्टर होणार असं घरात सगळ्यांनी गृहीत धरलेलं. आपल्याकडे असतं तसंच. हा मात्र तोक्यो विद्यापीठात गेला आणि हवामानशास्त्रात शिरला.

युद्धानंतरचा जपान होता तो. विद्यापीठात या कामासाठी संगणक नव्हता. पाऊस किती पडेल याचं गणित हा माणूस हाताने करत होता, नकाशे काढून आणि आलेख आखून. ते काम त्याने छापलं, आणि ते वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या एका माणसाच्या वाचनात आलं. जोसेफ स्मागोरिन्स्की. अमेरिकेच्या वेदर ब्युरोमध्ये सगळ्या पृथ्वीचं वातावरण संगणकात उतरवायचा विभाग ते उभा करत होते. त्यांनी पत्र पाठवून बोलावून घेतलं. १९५८ साली, पीएचडी झाल्या झाल्या, मनाबे अमेरिकेत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या वेळी सायटेशन इंडेक्स अस्तित्वातच नव्हता. एका माणसाने दुसऱ्याचे पेपर वाचले आणि त्याला ते पटले, एवढ्यावर ही निवड झाली.

स्मागोरिन्स्कींचा तो विभाग पुढे जिओफिजिकल फ्लुइड डायनॅमिक्स लॅबोरेटरी झाला, आणि १९६८ मध्ये प्रिन्स्टनला हलला. आपण तिला नुसतं 'प्रिन्स्टनची लॅब' म्हणू, नाव उच्चारताना माझी जीभ दमते. स्मागोरिन्स्कींनी काय केलं, तर या मुलाला त्या काळातले सगळ्यात ताकदवान संगणक दिले आणि त्याच्या मागे लागले नाहीत. मनाबेंनी नोबेलनंतर प्रिन्स्टनच्या पत्रकार परिषदेत सांगितलं, की आयुष्यात त्यांना कधी संशोधनाचं प्रपोजल लिहावं लागलं नाही. संगणक हवा तेवढा मिळायचा आणि जे करावंसं वाटेल ते करायचे. पीएचडी करणाऱ्या माझ्या श्रोत्यांनो, हे ऐकून त्रास होत असेल तर पाच सेकंद पॉज करा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, १९६७ चा पेपर.

हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी तापेल हे आधीपासून माहीत होतं. स्वीडनच्या आऱ्हेनियसने १८९६ मध्येच कागदावर गणित करून सांगितलं होतं, की तो दुप्पट झाला तर पाच-सहा अंश. वाद होता तो किती तापेल यावर, आणि आकडे कुठल्या कुठे जात होते. १९६३ मध्ये फ्रिट्झ म्योलर या जर्मन शास्त्रज्ञाने गणित केलं. म्योलर काही ऐरागैरा नव्हता, मनाबेंबरोबर त्याने आधी काम केलेलं होतं. त्याने हवेतल्या बाष्पाचा परिणाम धरला आणि उत्तर आलं दहा अंशांच्या आसपास. ढग थोडे बदलले की उत्तर कुठेही पळायचं. म्हणजे सिद्धान्ताचाच बाजार उठायची वेळ.

गडबड कुठे होती? बाष्प हा तिढा आहे. मे महिन्यातली मुंबई आठवा, कपडे अंगाला चिकटतात. गरम हवेत जास्त बाष्प मावतं, एका अंशाला साधारण सात टक्के जास्त. आणि बाष्प स्वतःच उष्णता अडवणारा वायू आहे. म्हणजे कार्बन डायऑक्साइडने हवा जराशी तापवली, की बाष्प वाढलं, त्याने आणखी तापवली, की आणखी बाष्प. हे चक्र थांबणार कुठे?

म्योलरने हिशेब फक्त जमिनीच्या पृष्ठभागाचा लावला होता. पृष्ठभागावर किती उष्णता आली आणि किती गेली, एवढाच. मनाबेंचं म्हणणं असं, की जमीन एकटी नसते. तिच्यावरची तापलेली हवा वर चढते आणि उष्णता घेऊन जाते. त्यामुळे हिशेब लावायचा तो जमिनीपासून थेट वरपर्यंत, अख्ख्या वातावरणाचा, आणि जमाखर्च जुळवायचा तो जिथून उष्णता अवकाशात निसटते तिथे, म्हणजे वरच्या टोकाला.

मग त्यांनी काय केलं? पृथ्वी टाकून दिली! समुद्र नाही, खंड नाहीत, ऋतू नाहीत, दिवस-रात्र नाही. उरला फक्त हवेचा एक उभा खांब, एकावर एक थर ठेवलेला, डब्यांच्या चळतीसारखा. त्यात तीन गोष्टी घातल्या. एक, प्रत्येक थर किती उष्णता शोषतो आणि किती सोडतो. दोन, हवा खालून फार तापली तर ती वर चढून सगळं सारखं करते, म्हणजे एक किलोमीटर वर गेलं की तापमान साडेसहा अंशांहून जास्त उतरू द्यायचं नाही. तिसरी गोष्ट पेपरच्या नावातच आहे. हवा तापली तरी सापेक्ष आर्द्रता तेवढीच राहते असं धरायचं. सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेत जेवढं बाष्प मावू शकतं त्याच्या किती टक्के आहे ते. टक्का कायम, पण मावायची जागा वाढली, म्हणून बाष्प वाढलं. बाष्पाचं चक्र आत आलं, पण लगाम घालून.

या कामात जोडीला होते रिचर्ड वेदरल्ड. प्रोग्रॅमिंगची मोठी बाजू त्यांच्याकडे. त्या काळचं प्रोग्रॅमिंग म्हणजे पंच कार्डांचे गठ्ठे, आणि संगणकाची मेमरी इतकी, की तुमच्या फोनमधला एक फोटोही त्यात बसला नसता.

उत्तर काय आलं? कार्बन डायऑक्साइड दहा लाखात ३०० भाग होता तो ६०० केला. बाष्प वाढू दिलं नाही तर पृथ्वी १.३३ अंशांनी तापते. सापेक्ष आर्द्रता कायम ठेवून बाष्प वाढू दिलं तर २.३६ अंशांनी. चक्र सुटत नाही, थांबतं, पण थांबेपर्यंत तापमानवाढ जवळजवळ पावणेदोन पट करून जातं.

आणखी एक उत्तर त्यात होतं, आणि माझ्या मते तेच खरं हत्यार आहे. कार्बन डायऑक्साइड वाढला तर खालचं वातावरण तापतं, पण वरचा थर, म्हणजे स्ट्रॅटोस्फिअर, थंड होतो. उलटा परिणाम! का महत्त्वाचं? समजा पृथ्वी सूर्यामुळे तापत असती, सूर्यच जास्त आग ओकत असता, तर खाली-वर दोन्हीकडे तापायला हवं होतं. खाली गरम आणि वर थंड ही खूण सूर्याची नाही. १९७९ च्या सुमारास उपग्रहांनी वातावरणाच्या वेगवेगळ्या उंचीचं तापमान सलग मोजायला सुरुवात केली, आणि पुढच्या दशकांत दिसलं ते हेच.

आता तारखा बघा. पेपर १९६७ चा. १९४० च्या दशकापासून १९७० पर्यंत पृथ्वीचं सरासरी तापमान जवळजवळ जागच्या जागी होतं, मधे किंचित उतरलंही होतं. म्हणजे हा माणूस तापमानवाढीचा आकडा सांगत होता तेव्हा मोजणाऱ्या उपकरणांना तापमानवाढ दिसतच नव्हती. "मॉडेलवाले आधी घडलेलं बघून नंतर आकडे जुळवतात" असं कुणी तुम्हाला व्हॉट्सॲपवर सांगितलं, तर या पेपरचं साल सांगा.

बरं, आता सायटेशनकडे. पेपरचं नाव मराठीत सांगायचं तर असं होईल: 'सापेक्ष आर्द्रतेची ठराविक विभागणी धरली असता वातावरणाचा औष्णिक समतोल'. यात हवामान बदल नाही, तापमानवाढ नाही, कार्बन डायऑक्साइडसुद्धा नाही! आजच्या सल्लागाराने हे शीर्षक बघितलं असतं तर कपाळावर हात मारला असता. सर्चमध्ये सापडणार नाही, कुणी क्लिक करणार नाही.

आणि आकड्याच्या शर्यतीत हा पेपर पहिला नाहीच. या क्षेत्रात प्रचंड सायटेशन कुणाला मिळतात माहितीये? डेटासेटच्या पेपरांना. १९९६ मध्ये युजिनिया काल्ने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस वर्षांच्या जगभरच्या हवामान नोंदी एकाच पद्धतीने पुन्हा मांडून खुल्या केल्या. त्याचा पेपर भूविज्ञानातल्या सर्वात जास्त सायटेशन मिळालेल्या पेपरांत गणला जातो. तो डेटा जो वापरतो त्याला उल्लेख करावाच लागतो. त्यात वाईट काही नाही, उलट ते अवाढव्य काम आहे आणि जगाला उपयोगी पडलं. पण त्या आकड्यापुढे १९६७ चा मनाबेंचा पेपर किरकोळ दिसतो. आकडाच खरा धरला तर आजचा भाग मी काल्नेंवर करायला हवा होता. (करेन कधीतरी. बाई जबरदस्त होत्या.)

मनाबेंचा आकडा कमी का? दोन कारणं मला दिसतात. पहिलं सोपं आहे, १९६७ साली हे काम करणारी माणसंच मूठभर होती. उल्लेख करायला माणसं तर हवीत. आज हवामान बदलावर एका वर्षात जेवढे पेपर निघतात तेवढे तेव्हा दशकभरातही निघत नसतील.

दुसरं कारण जास्त गमतीचं आहे. एखादी कल्पना इतकी पक्की बसते, की तिचा मालक कोण हे सांगायची गरजच उरत नाही. सफरचंद पडलं असं लिहिताना न्यूटनचा संदर्भ कोण देतो? रॉबर्ट मर्टन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने याला नावही दिलेलं आहे, मराठीत म्हणायचं तर 'सामावून गेल्यामुळे पुसलं जाणं'. 'बाष्पामुळे तापमानवाढ वाढते' हे वाक्य आज पाठ्यपुस्तकात असतं, आणि त्याखाली मनाबे-वेदरल्ड असं लिहिलेलं असेलच असं नाही. म्हणजे सगळ्यात जास्त यशस्वी झालेल्या पेपरचे सायटेशन एका टप्प्यानंतर वाढायचेच थांबू शकतात. आकडा ज्या गोष्टीसाठी काढला, नेमकी तीच गोष्ट त्याच्या हातून निसटते.

ब्रिटनच्या कार्बन ब्रीफ या वेबसाइटने २०१५ मध्ये वेगळा प्रयोग केला. त्यांनी आकडे मोजले नाहीत. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान मंडळाच्या अहवालाच्या लेखकांना थेट विचारलं, की हवामान बदलावरचा आजवरचा सगळ्यात प्रभावी पेपर कोणता? सगळ्यात जास्त वेळा नाव आलं मनाबे आणि वेदरल्ड, १९६७.

वेदरल्ड यांचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. नोबेल जिवंत माणसालाच देतात, आणि २०२१ मध्ये ते हयात नव्हते. सायटेशनच्या खात्यात मात्र दोघांना सारखाच एक-एक मार्क. त्याबाबतीत आकडा नोबेलपेक्षा न्यायी आहे, हे मान्य करावं लागेल.

मनाबे या एका पेपरवर थांबले नाहीत. कर्क ब्रायन हा समुद्राचं मॉडेल करणारा सहकारी. या दोघांनी १९६९ मध्ये वातावरण आणि समुद्र एकमेकांना जोडले, जगात पहिल्यांदा. त्यांची ती पृथ्वी बघितली तर हसू येईल. निम्मी जमीन, निम्मा समुद्र, सरळ रेषेत कापलेलं. त्यात जमिनीतलं पाणी कसं धरलं होतं? बादली! खरंच, त्या पद्धतीला आजही मनाबेंची बादली म्हणतात. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याखाली पंधरा सेंटीमीटर पाणी मावेल अशी बादली आहे असं धरायचं. पाऊस पडला की भरते, ऊन पडलं की उडतं, काठोकाठ भरली की सांडून नदीला जातं. आता आपल्या विदर्भातली काळी कसदार जमीन आणि कोकणातला कातळ, दोन्हीला एकच बादली! शेतकरी म्हणेल, साहेब, एकदा बांधावर या. पण सगळ्या पृथ्वीवर ओल आणि बाष्पीभवन मोजायची ती पहिली चालण्याजोगी रीत होती, आणि पुढे कित्येक वर्षं कित्येक मॉडेल्सनी ती उचलली.

१९७५ मध्ये मनाबे आणि वेदरल्ड यांनी तोच कार्बन डायऑक्साइडचा प्रश्न खांब सोडून तिन्ही मितींच्या मॉडेलला घातला, उत्तर आलं २.९३ अंश. चार वर्षांनी, १९७९ मध्ये, अमेरिकेत जूल चार्नी यांच्या समितीला सरकारला सांगायचं होतं, की दुप्पट कार्बन डायऑक्साइडला नेमकं किती तापमान वाढेल. त्यांच्यापुढे दोनच गट होते. मनाबेंचं मॉडेल सांगत होतं साधारण दोन, नासाच्या जेम्स हॅन्सन यांचं चार. समितीने दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा अंश सोडला आणि लिहिलं, दीड ते साडेचार. मधला आकडा तीन. ही पट्टी इतकी टिकली, की २०१३ च्या आयपीसीसी अहवालातही दीड ते साडेचारच आहे. २०२१ च्या अहवालात ती अडीच ते चारवर आली, पण मधला आकडा अजून तीनच.

सगळंच जमलं असं मात्र नाही. ढग १९६७ च्या पेपरमध्ये ठरवून दिलेले होते, बदलत नव्हते, आणि ढग हा आजही सगळ्यात अवघड भाग आहे. समुद्र आणि हवा जोडल्यावर मॉडेल हळूहळू भरकटायचं, म्हणून प्रिन्स्टनच्या लॅबने बरीच वर्षं त्यात उष्णता आणि पाणी बाहेरून जुळवून दिलं. टीकाकारांनी याला ढापाढापी म्हणायचं बाकी ठेवलं नाही, आणि ती टीका अगदीच बिनबुडाची नव्हती. पण त्याच जुळवलेल्या मॉडेलने १९८९ मध्ये एक नकाशा दिला. स्टाउफर, मनाबे आणि ब्रायन यांचा पेपर. त्यात होतं, की उत्तर गोलार्ध दक्षिणेपेक्षा लवकर तापेल, आर्क्टिक सगळ्यात जास्त, अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र फार सावकाश, आणि ग्रीनलंडच्या खाली अटलांटिकमध्ये एक तुकडा जवळजवळ तापणारच नाही. पुढे जवळजवळ तीस वर्षांनी, २०१७ मध्ये, स्टाउफर आणि मनाबेंनी मोजलेला नकाशा शेजारी ठेवून बघितला. ठसा तोच होता.

आता आपल्या घराकडे येऊ. मनाबेंच्या कामात आपला मान्सूनही आहे, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. १९७५ मध्येच डग्लस हान आणि मनाबे यांनी मॉडेलमधून हिमालय आणि तिबेटचं पठार पुसून टाकलं. जगातले सगळेच डोंगर पुसले, पण प्रश्न आपल्या पावसाचा होता. डोंगर असलेली पृथ्वी एकीकडे, सपाट पृथ्वी दुसरीकडे, दोन्हीवर जून-जुलै येऊ दिला. सपाट पृथ्वीवर कमी दाबाचा पट्टा भारताच्या डोक्यावर येऊन बसलाच नाही, दूर उत्तर-पूर्वेला राहिला, आणि मान्सून उपखंडात नेहमीसारखा आत शिरला नाही. ज्या गोष्टीचा प्रयोग करताच येत नाही, तिचा प्रयोग करून दाखवला. हिमालय काही हलवून बघता येत नाही ना!

तो शेवटचा शब्द होता का? नाही. २०१० मध्ये विल्यम बूस आणि झिमिंग क्वांग यांनी दाखवलं, की तिबेटचं पठार तापणं हे त्यात एवढं महत्त्वाचं नाही. हिमालयाची अरुंद भिंत उत्तरेची थंड कोरडी हवा अडवते, ते मोठं. पण त्यांनी वापरलेली रीत बघा. मॉडेलमध्ये पठार काढा, भिंत ठेवा, मग बघा. प्रश्न विचारायची पद्धत पस्तीस वर्षांपूर्वीची, उत्तर नवं.

मग आलं २०२१. अर्धं नोबेल इटलीच्या जॉर्जो पारिसींना, उरलेल्या अर्ध्यात मनाबे आणि जर्मनीचे क्लाउस हासेलमान. मनाबे नव्वदीत होते. जपानमध्ये जल्लोष झाला, पण मनाबे १९७५ पासून अमेरिकेचे नागरिक. १९९७ मध्ये ते जपानला परत गेले होते, तिथल्या तापमानवाढ संशोधनाच्या कार्यक्रमाचे प्रमुख म्हणून. चारेक वर्षांत पुन्हा प्रिन्स्टनला आले. पत्रकारांनी विचारलं तर हसत हसत जे सांगितलं त्याचा मतलब असा, की जपानमध्ये सतत दुसऱ्याला काय वाटेल ते सांभाळावं लागतं, मला ते जमत नाही. लोक हसले. जपानी वर्तमानपत्रं मात्र पुढे बराच वेळ गुणवत्ता देशाबाहेर का जाते यावर लिहीत राहिली. आपल्याला हा विषय काही नवा नाही.

शेवटचा मुद्दा, पुण्याचा. पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे, आयआयटीएम म्हणतो आपण तिला, १९६२ पासूनची. तिथे बनलेलं आयआयटीएम-ईएसएम हे भारताचं पहिलं पृथ्वी-प्रणाली मॉडेल. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालासाठी जगभरच्या मॉडेल्सची जी एकत्र चाचणी झाली, त्यात भारताचं मॉडेल पहिल्यांदा उतरलं ते हे. त्याच सुमारास, २०२० मध्ये, आर. कृष्णन आणि सहकाऱ्यांनी संपादित केलेला भारताच्या हवामान बदलाचा अहवाल आला. त्यातले तीन आकडे ठेवा लक्षात. १९०१ ते २०१८ मध्ये देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. १९५१ ते २०१५ मध्ये पावसाळ्यातला पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, गंगेच्या खोऱ्यात आणि आपल्या सह्याद्रीवर ठळकपणे. आणि त्याच काळात मध्य भारतात एका दिवसात दीडशे मिलिमीटरहून जास्त कोसळणाऱ्या पावसाचे दिवस पाऊणपटीने वाढले. एकूण कमी, पण पडतो तेव्हा झोडपतो. गावाकडच्या आजोबांना विचारा, तेही हेच सांगतील, फक्त आकडे सांगणार नाहीत.

तापमान वाढलं तर हवेत बाष्प वाढतं, मग पाऊस घटला कसा? अहवाल बोट दाखवतो ते हवेतल्या धुराच्या आणि धुळीच्या कणांकडे, जे ऊन अडवतात आणि मान्सूनचं इंजिन थंड करतात. हे कोडं सोडवायला स्वतःचं मॉडेल लागतं, कारण आपला पाऊस हा आपला प्रश्न आहे, दुसऱ्याला त्यात एवढा रस असायचं कारण नाही.

आता गंमत ऐका. पुण्याच्या या मॉडेलचा समुद्र कुठून आला? त्यातल्या समुद्राच्या भागाचं नाव आहे मॉम. घरातली मॉम नव्हे, मॉड्युलर ओशन मॉडेल. ते प्रिन्स्टनच्या त्याच लॅबचं. त्याचं कूळ शोधत मागे गेलात तर पोचता कर्क ब्रायनकडे, म्हणजे मनाबेंबरोबर हवा आणि समुद्र पहिल्यांदा जोडणाऱ्या माणसाकडे. कोड खुला होता, पिढ्यान् पिढ्या दुरुस्त होत गेला, आणि पाषाणच्या सुपरकॉम्प्युटरवर हिंदी महासागर हलवायला लागला.

हा वारसा कुठल्या सायटेशनमध्ये मोजणार? वारशाने आलेल्या कोडमधल्या प्रत्येक ओळीखाली कोण संदर्भ देतं! बादलीखाली कोण देतं? पीएचडीवाल्यांनो, आकडा ठेवा, मुलाखतीत लागेल. पण तुमच्या विषयातला एखादा जुना पेपर, ज्याचा उल्लेख आता कुणी करत नाही आणि ज्याच्याशिवाय कुणाचं चालतही नाही, असा तुम्हाला माहीत असेल तर मला लिहून पाठवा. त्यातला एक निवडून त्यावर भाग करू.

पुढच्या वेळी ढग. मनाबेंनी जे सोडून दिलं होतं ते. तोपर्यंत पावसाळ्याची तयारी करा, छत्री दुरुस्तीला टाका. भेटू!